‘रीझनेबली’ म्हणजे नक्की कोणाच्या मते?

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल की हा व्याकरणाचा तास आहे. थोडासा आहेही. पण आपण ज्या शब्दांबद्दल बोलणार आहोत, त्यांतल्या एका शब्दावर एक माणूस तुरुंगातून सुटतो की आतच राहतो हे ठरलं होतं. तिथपर्यंत जायचं तर सुरुवात व्याकरणापासूनच करावी लागेल.

इंग्रजीत क्रियाविशेषणांचा एक गट आहे. रीझनेबली, फेअरली, राइटली, जस्टिफायेबली, अंडरस्टँडेबली, एक्स्क्यूजेबली. एखादं वागणं वाजवी होतं, रास्त होतं, समजण्यासारखं होतं, क्षम्य होतं, असं सांगणारे हे शब्द. आपण ते शिकतो कसे? समानार्थी शब्दांच्या यादीतून. एकाच्या जागी दुसरा घाला, निबंध भारदस्त होतो, असं आपल्याला सांगितलं जातं. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं उघडा, हेच दिसेल. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की हे शब्द समानार्थी नाहीत आणि निरुपद्रवी तर अजिबात नाहीत. यातला प्रत्येक शब्द हा छोटासा निकाल असतो. पण निकाल देणारा न्यायाधीश मात्र वाक्यात कुठेच दिसत नाही. म्हणून असा शब्द वाचला की पहिला प्रश्न विचारायचा: कोणाच्या मते?

आधी ‘रीझनेबली’ घेऊ. हा एकच शब्द चार वेगवेगळी कामं करतो.

‘ही स्पोक रीझनेबली.’ तो समजुतीनं बोलला. इथे बोलण्याची रीत सांगितली आहे.

‘ही स्पोक रीझनेबली वेल.’ तो बऱ्यापैकी बोलला. इथे वाजवीपणाचा काही संबंध नाही, फक्त प्रमाण आहे. फार चांगलं नाही, वाईटही नाही, चालून जाईल. ‘फेअरली’चंही असंच होतं. ‘फेअरली ट्रीटेड’ म्हणजे न्यायानं वागवलेला, आणि ‘फेअरली गुड’ म्हणजे नुसता ठीकठाक. न्यायाचा शब्द घसरत घसरत ‘ठीक आहे’वर येऊन थांबला.

‘ही कुड रीझनेबली रिफ्यूज.’ त्यानं नकार दिला असता, तरी ते गैर ठरलं नसतं. इथे शब्द मर्यादा आखतो. अमुक इथपर्यंत चालेल, त्यापुढे नाही. करारनाम्यांत आणि कायद्यांत हा वापर सर्वांत जास्त.

आणि चौथं, ‘ही रीझनेबली रिफ्यूज्ड.’ त्यानं नकार दिला, आणि लिहिणाऱ्याच्या मते त्यात काही चुकलं नाही. आता गंमत बघा. इथे घटना एक आहे आणि त्या घटनेवरचा शेरा एक आहे, पण दोन्ही एकाच वाक्यात इतके शिवले गेलेत की शिवण दिसत नाही. नकार दिला, हे तपासता येतं. तो वाजवी होता, हे मत आहे. वाचणारा मात्र दोन्ही गोष्टी एकाच घोटात पिऊन टाकतो.

क्रियाविशेषणाची जागा बदलली की अर्थ बदलतो, याकडे फार बारकाईनं पाहणारा एक तत्त्वज्ञ ऑक्सफर्डमध्ये होऊन गेला. जे. एल. ऑस्टिन. 1956 साली त्यानं ‘अ प्ली फॉर एक्स्क्यूजेस’ या नावाचं भाषण दिलं. त्यात एक गोगलगाय आहे. एका माणसाचा तिच्यावर पाय पडतो. ‘वेंधळेपणानं’ या अर्थाचा शब्द वाक्याच्या सुरुवातीला ठेवला तर एक अर्थ होतो, शेवटी ठेवला तर दुसरा. एकात मुळात पाय पडणं हाच वेंधळेपणा. दुसऱ्यात पाय ठेवण्याची पद्धत वेंधळी. म्हणजे पाय ठेवायचाच होता, फक्त नीट जमलं नाही! गोगलगायीला दोन्हीकडून काही फरक पडत नाही, पण माणसाच्या जबाबदारीत फार पडतो.

याच भाषणात ऑस्टिननं एक भेद मांडला. एखाद्यावर आरोप झाला की तो दोन प्रकारे बचाव करू शकतो. पहिला प्रकार: हो, हे मी केलं, पण त्यात वाईट काही नाही, उलट ते योग्यच होतं. हे समर्थन. दुसरा प्रकार: हो, झालं ते वाईट झालं, पण सगळा दोष माझ्या माथी मारू नका, परिस्थितीच तशी होती. ही सबब. समर्थनात माणूस जबाबदारी घेतो आणि वाईटपणा नाकारतो. सबबीत वाईटपणा कबूल करतो आणि जबाबदारी कमी करून मागतो.

हा भेद हातात धरून आपल्या यादीकडे परत या. यादी लगेच दोन ढिगांत विभागली जाते. ‘राइटली’ आणि ‘जस्टिफायेबली’ समर्थनाच्या बाजूला. ‘एक्स्क्यूजेबली’ सबबीच्या बाजूला. आणि ‘अंडरस्टँडेबली’? तो कुंपणावर बसलेला आहे. पगार तीन महिने थकला आणि कामगार संतापले. ‘राइटली अँग्री’ म्हटलं, तर लिहिणारा कामगारांच्या बाजूनं उभा राहिला. ‘जस्टिफायेबली अँग्री’ म्हटलं, तर त्यानं सांगितलं की संतापाला पुरेसं कारण आहे आणि ते मी दाखवू शकतो. ‘अंडरस्टँडेबली अँग्री’ म्हटलं, तर तो फक्त म्हणाला, माणसं आहेत, संतापणारच. यात सहानुभूती आहे, बाजू घेणं नाही. मोठ्या कंपन्यांच्या आणि सरकारांच्या निवेदनांत हा शब्द इतका आवडता का, ते आता लक्षात येईल. तुमचा राग आम्ही समजू शकतो, असं म्हणायचं, आणि तो रास्त आहे का, यावर एक अक्षर बोलायचं नाही.

इंग्रजी व्याकरणकारांनीही हे टिपलेलं आहे. 1985 साली रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे मोठं इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध केलं, त्यात या शब्दांचे दोन गट पाडले आहेत. ‘राइटली’सारखा शब्द कृतीबरोबर कर्त्यावरही निकाल देतो, काम बरोबर, आणि करणाराही बरोबर. ‘अंडरस्टँडेबली’सारखा शब्द फक्त घडलेल्या गोष्टीबद्दल बोलतो, कर्त्याला हातही लावत नाही.

आता कोर्टात जाऊ.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश सरकारनं संरक्षण नियमावलीत 18ब हा नियम आणला. खटला न चालवता माणसाला स्थानबद्ध करण्याचा अधिकार गृहमंत्र्याला मिळाला. पहिल्या मसुद्यात शब्द होते, गृहमंत्र्याची ‘खात्री पटली असेल’ तर. हाउस ऑफ कॉमन्समध्ये यावर आक्षेप आले, आणि 1939 सालीच ते शब्द बदलून नवे घातले गेले: गृहमंत्र्याजवळ तसं मानायला ‘वाजवी कारण असेल’ तर. इंग्रजीत ‘रीझनेबल कॉज टु बिलीव्ह’. बदल छोटा दिसतो, पण तो मुद्दाम भांडून करवून घेतलेला होता. आधी सगळं मंत्र्याच्या मनात होतं. नव्या शब्दांनी ते बाहेर आणलं, तपासता येईल अशा जागी ठेवलं.

1940 साली रॉबर्ट लिव्हरसिज नावाच्या माणसाला या नियमाखाली पकडलं. आदेशावर सही गृहमंत्री सर जॉन अँडरसन यांची. हे गृहस्थ त्याआधी बंगालचे गव्हर्नर होते, म्हणजे खटल्याविना स्थानबद्ध करणं म्हणजे काय, याचा अनुभव त्यांना इथलाच. लिव्हरसिजनं बेकायदा कैदेचा दावा लावला आणि विचारलं, वाजवी कारण होतं म्हणता, ते कोणतं, सांगा. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. नोव्हेंबर 1941 मध्ये निकाल लागला. पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी सांगितलं की कारण वाजवी आहे असं मंत्र्याला प्रामाणिकपणे वाटलं, एवढं पुरेसं आहे. कोर्टानं आत डोकावायचं नाही.

पाचवे लॉर्ड ॲटकिन. त्यांनी एकट्यानं भिन्न मत दिलं, आणि ते मत म्हणजे माझ्या मते इंग्रजी व्याकरणावरचं एक उत्तम व्याख्यान आहे. त्यांचा मुद्दा अगदी घरगुती आहे. ‘एखाद्याचा घोटा मोडला असेल तर’ याचा अर्थ ‘आपला घोटा मोडलाय असं त्याला वाटत असेल तर’ असा होतो का? होत नाही. मग ‘वाजवी कारण असेल तर’ याचा अर्थ ‘वाजवी कारण आहे असं त्याला वाटत असेल तर’ असा कसा होईल? असणं वेगळं, वाटणं वेगळं. शब्दाचा अर्थ मी ठरवीन तोच, असा हट्ट धरणाऱ्या हम्प्टी डम्प्टीची आठवण त्यांनी भर निकालपत्रात काढली. लुइस कॅरलच्या 1871 सालच्या पुस्तकातलं ते अंड्याच्या आकाराचं पात्र. सहकाऱ्यांना ते झोंबलं. बहुमतातले लॉर्ड मॉम यांनी तर ‘द टाइम्स’ला निषेधाचं पत्र लिहिलं.

इथे आपला प्रश्न लावून बघा. कोणाच्या मते वाजवी? बहुमताचं उत्तर: ज्याच्यावर आक्षेप आहे, त्याच्याच मते. ॲटकिन यांचं उत्तर: त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या तरी मते, कारणं समोर ठेवून. पहिलं उत्तर मान्य केलं तर ‘वाजवी’ हा शब्द नियमात असला काय आणि नसला काय, सारखंच. म्हणजे कॉमन्सनं भांडून मिळवलेला बदल लॉर्ड्सनी नुसता अर्थ लावून पुसून टाकला. एक अक्षरही न खोडता.

गोष्ट इथे संपत नाही. 38 वर्षांनी, 1979 साली, करवसुली खात्यानं टाकलेल्या छाप्यांचा रॉसमिन्स्टर खटला त्याच हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर आला. पुन्हा तेच शब्द, ‘वाजवी कारण’. तेव्हा लॉर्ड डिप्लॉक यांनी उघडपणे मान्य केलं की लिव्हरसिज खटल्यात या सभागृहाचं बहुमत चुकलं होतं. पण नुसतं चुकलं होतं, असं ते म्हणाले नाहीत. ‘राँग’ या शब्दाआधी त्यांनी दोन क्रियाविशेषणं लावली: ‘एक्स्पीडियंटली’ आणि, ‘त्या वेळी, कदाचित,’ ‘एक्स्क्यूजेबली’. सोयीपुरतं, आणि त्या काळात कदाचित क्षम्य म्हणावं असं, चुकलेलं. आणि ॲटकिन? त्यांच्यासाठी एकच शब्द: ‘राइट’. बरोबर. मागे-पुढे काही नाही.

कायद्याच्या वर्तुळात हे वाक्य प्रसिद्ध आहे, आणि उदार मनाचा नमुना म्हणून ते सांगितलं जातं. मला ते तेवढं उदार वाटत नाही. का, ते सांगतो.

आधी त्याची बाजू घेऊ. डिप्लॉक यांनी शब्द नेमका निवडलाय. ‘जस्टिफायेबली’ म्हटलं असतं तर ते समर्थन झालं असतं. ‘राइटली राँग’ तर कोणी म्हणूच शकणार नाही. बरोबर रीतीनं चुकणं असं काही नसतं. ‘एक्स्क्यूजेबली’ हा सबबीचा शब्द, आणि सबब चूक कबूल केल्यावरच मागता येते. म्हणजे ऑस्टिनचा भेद इथे तंतोतंत पाळलाय. वर ‘कदाचित’ घालून सबबही अर्धवटच दिली. ‘एक्स्पीडियंटली’ तर जवळजवळ आरोपच आहे: तुम्ही कायदा पाहिला नाही, सोय पाहिली. एवढं सगळं दोन शब्दांत मावलं. लेखन म्हणून हे वाक्य पक्कं आहे.

पण प्रश्न तोच. क्षम्य, कोणाच्या मते? ज्या सभागृहानं चूक केली, त्याच सभागृहाच्या मते. ज्याला डांबलं होतं, त्याला कोणी विचारलं नाही. क्षमा करण्याचा अधिकार ज्याचं नुकसान झालं त्याचा असतो. इथे संस्था स्वतःच स्वतःला क्षमा करते आहे, आणि तीही अर्ध्या स्वल्पविरामात.

दुसरं, ‘त्या वेळी’ हे शब्द. त्या वेळी लंडनवर बॉम्ब पडत होते, हे खरं. मे 1941 मध्ये कॉमन्सचं सभागृहच उद्ध्वस्त झालं होतं. भीती खरी होती. पण ॲटकिन कुठल्या वेळी लिहीत होते? त्याच वेळी. तेच शहर, तेच युद्ध, तोच खटला, तीच कागदपत्रं. शस्त्रांच्या खणखणाटातही कायदा मुका होत नाही, हे त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. वेळेची सबब चौघांना लागू पडते आणि पाचव्याला लागत नाही, तर मग कारण वेळ नसावी. भीतीनं मोह होतो, हे मान्य. मोह समजण्यासारखा असतो. पण मोह समजण्यासारखा आहे म्हणून निकालही क्षम्य, ही उडी वाक्यानं मारलीय, आणि आपण क्रियाविशेषणावरून डोळे फिरवत पुढे गेलो तर ती उडी दिसतच नाही.

आता आपल्याकडे येऊ, कारण इथे धागा थेट जोडलेला आहे. 28 एप्रिल 1976. आणीबाणी. एडीएम जबलपूर खटला. स्थानबद्ध माणूस बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करू शकतो का, हा प्रश्न. पुन्हा पाच न्यायमूर्ती, पुन्हा चार विरुद्ध एक. लिव्हरसिजचा दाखलाही तिथे निघाला. बहुमतात पुण्यात जन्मलेले न्या. यशवंत चंद्रचूड होते. एकटे राहिले न्या. हंसराज खन्ना. पुढच्या वर्षी त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला.

2017 साली, खाजगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं जबलपूरचा निकाल रद्दबातल ठरवला. त्या वेळी न्या. धनंजय चंद्रचूड यांनी स्वतःसाठी आणि आणखी तीन न्यायमूर्तींसाठी जे निकालपत्र लिहिलं, त्यात बहुमतातल्या चारही निकालपत्रांबद्दल शब्द वापरले: ‘सिरियसली फ्लॉड’. गंभीररीत्या सदोष. त्या चौघांत त्यांचे वडील होते. ‘अंडरस्टँडेबली’ घालायला जागा होती. ‘त्या वेळी’ घालायला जागा होती. डिप्लॉक यांचा नमुनाही तयार होता. घातलं नाही. ‘सिरियसली’ हेही क्रियाविशेषणच आहे, पण ते दोष किती मोठा ते सांगतं, दोष हलका करत नाही. दोन देश, दोन न्यायालयं, दोन्हीकडे जुन्या चुकीची कबुली. फरक एका शब्दाचा. मला विचाराल तर दुसरी कबुली जास्त सरळ आहे.

शेवटी थोडं मराठीबद्दल, कारण आपल्यापैकी बहुतेक जण रोज या दोन भाषांत ये-जा करतात. ‘रीझनेबल’ला आपल्याकडे ‘वाजवी’ हा चांगला शब्द आहे. तो संविधानाच्या मराठीत आहे, ‘वाजवी निर्बंध’, आणि मंडईतही आहे, ‘दर वाजवी आहेत’. ‘फेअर’ला ‘रास्त’ आहे. रेशनचं दुकान म्हणजे ‘रास्त भाव दुकान’ हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण क्रियाविशेषण करायला गेलो की मराठी अडते. ‘त्यानं वाजवीपणे नकार दिला’ हे मराठी नव्हे, भाषांतर आहे. मराठी माणूस म्हणतो, ‘त्यानं नकार दिला, आणि बरोबरच केलं.’ बघा, दोन वाक्यं झाली. घटना वेगळी, शेरा वेगळा. आणि शेरा वेगळा झाला की लगेच ऐकणारा विचारतो, ‘का हो, बरोबर कसं काय?’ जी शिवण इंग्रजीत झाकली जाते, ती मराठीत उघडी राहते. ही मला आपल्या भाषेची जमेची बाजू वाटते.

अर्थात आपल्याकडेही एक लबाड शब्द आहे: ‘साहजिकच’. ‘जमाव साहजिकच चिडला आणि त्यानं दगडफेक केली.’ चिडणं साहजिक, हे एक वेळ मान्य करू. पण ‘आणि’च्या पलीकडची दगडफेकही त्या शब्दाच्या छत्रीखाली आली की नाही? इंग्रजी ‘अंडरस्टँडेबली’चं भाषांतर ‘साहजिकच’ करताना म्हणून जपावं. त्यापेक्षा ‘चिडला, ते समजण्यासारखं आहे’ असं तोडून लिहिलेलं बरं. आणखी एक सांगतो, ‘आर्ग्युएबली’. याचं भाषांतर कधी ‘निर्विवादपणे’ असं होतं, कधी ‘वादग्रस्तरीत्या’. दोन्ही चूक. त्याचा अर्थ, ‘असं म्हणता येईल’. म्हणजे युक्तिवाद करता येईल, एवढं सांगायचं आणि युक्तिवाद करायचा नाही!

आता एक चिठ्ठी आली आहे, तेवढी घेतो आणि थांबतो. विचारलंय: ‘मग हे शब्द वापरूच नयेत का?’

जरूर वापरावेत. सगळा युक्तिवाद प्रत्येक वाक्यात मांडत बसलो तर लिहिणंच अशक्य होईल. मी विद्यार्थ्यांना इतकंच सांगतो की ‘रीझनेबली’ किंवा ‘जस्टिफायेबली’ लिहिलं की तो शब्द खोडून तिथे ‘कारण’ लिहून बघा आणि वाक्य पुरं करा. ‘त्यानं नकार दिला, कारण अटी रात्रीतून बदलल्या होत्या.’ कारण चटकन लिहिता आलं, तर क्रियाविशेषण परत घाला, ते तुम्ही कमावलंय. नाही आलं, तर तो शब्द कारणाच्या जागी बसलेला होता, असं समजा. आणि वाचताना, विशेषतः सत्ता ज्याच्या हातात आहे अशा कोणाचं लिखाण वाचताना, आजचा प्रश्न सोबत ठेवा. कोणाच्या मते?